नवतप्यातलं बाळंतपण

परवा रविवारी माळ्यावरून कूलर खाली आला. खरं तर होळी झाली की हे काम व्हायला हवं, पण आमच्या घरी ते एप्रिलच्या मध्यात होतं, म्हणजे अंगाची काहिली होऊन एकमेकांवर खेकसणं सुरू झालं की. नवऱ्यानं टाकीतला मागच्या वर्षीचा गाळ खरवडला, जुन्या ताट्या ओढून काढल्या आणि सक्करदऱ्याच्या बाजारातून आणलेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ताट्या बसवल्या. पंप सुरू झाला, पाणी झिरपलं, आणि तो ओला मातकट वास घरभर पसरला. माझा हात आपोआप पोटाखाली गेला, नाडीच्याही खाली, जिथे एक रेघ आहे. नागपुरात या वासानं कुणाला आमरस आठवत असेल, कुणाला शाळेच्या सुट्ट्या. मला टाके आठवतात.

आमची सानू येत्या मे महिन्यात सात वर्षांची होईल. तिच्या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटच्या तासाभरात तिचे ठोके मंदावले. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही. मग पाठीतली सुई, हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडून आलेलं ते खरखरीत रडणं. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी नवतपा लागला. मे संपतानाचे हे नऊ दिवस. या दिवसांत आमच्याकडे दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नाहीत. त्यात मी पोटावर टाके घेऊन, कानाला रुमाल बांधून, बंद खोलीत.

ही जखम मोठी विचित्र असते. ती आपल्याच अंगावर असते आणि आपल्यालाच दिसत नाही. बाळ बाहेर आलं तरी पोट काही लगेच आत जात नाही, मऊ भिजवलेल्या कणकेसारखं ते टाक्यांवर लोंबतं. वाकून पाहावं तर टाके ओढतात. आरशापुढे उभं राहायचं तर एका हातानं पोट वर धरावं लागतं, आणि खरं सांगते, तेवढा धीर मला नव्हता. दवाखान्यातून निघताना सिस्टरनं बजावलं होतं, रोज साध्या पाण्यानं धुवायचं, धुतलेल्या सुती कापडानं नुसतं टिपायचं, घासायचं नाही. हळद नको, तेल नको, पावडर नको. पोट आवळून बांधायचं नाही. आणि रोज कुणीतरी नीट पाहायचं. लाल दिसलं, पाणी आलं, वास आला, ताप भरला, तर विचार करत बसायचं नाही, यायचं.

"रोज पाहील कोण?" सिस्टरनं विचारलं.

"मी हाय नं," आई म्हणाली. "मी पाहीन."

माझी आई नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमची तिथे संत्र्यांची थोडी झाडं आहेत. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा तिचा कायदा. पण माझी डॉक्टर नागपूरची, टाकेही नागपूरचे, तेव्हा माहेरच एस्टीत बसून माझ्या घरी आलं. सोबत डिंक, खोबरं, ओवा, बाळंतशेपा, दोन जुनी धुऊन मऊ झालेली लुगडी, आणि शेकशेगडीसाठी पोतंभर गोवऱ्या. त्या गोवऱ्यांवरून कंडक्टरशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ते ती जिंकली होती. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत गोवऱ्या पेटवायच्या कुठे, हे भांडण मात्र ती हरली. डॉक्टरबाईंनी शेक नकोच म्हणून सांगितलं. आई दोन दिवस त्या पोत्याकडे बघून उसासे टाकत होती.

खरी लढाई कूलरची झाली.

"बंद कर तो पयले. ओल्या बाळंतिणीले वारं लागलं तं जलमभर हाडं ठणकते."

"आई, मी शिजून राहिली वं इथं!"

"शिजू दे. शिजलं ते पचते, कच्चं बाधते."

शेवटी तह झाला. कूलर बाहेरच्या खोलीत चालेल, मधलं दार अर्धं उघडं राहील, आणि त्या उंबऱ्यात आई स्वतः बसेल, कूलरकडे पाठ करून. म्हणजे वारं आधी तिला लागेल आणि तिच्या दोन्ही बाजूंनी जेवढं उरेल तेवढं मला. ती दिवसभर तशी बसायची, मांडीवर सानू, पाठ ओली गार. हाडं तिची दुखली असणार. मी तेव्हा विचारलं नाही.

आणखी एक चूक झाली आणि ती एकट्या आईची नाही. मऊ लुगड्याची लांब पट्टी फाडून तिनं माझं पोट बांधलं, चांगलं करकचून. "नाही बांधलं तं पोट सुटते, मंग म्हणशीन मायनं काही केलं नाही." सिस्टरनं नको सांगितलेलं माझ्या पक्कं लक्षात होतं. पण शाळेत शिकवायला परत गेल्यावर साडी कशी दिसेल, हेही लक्षात होतं. मी श्वास आत घेतला आणि म्हणाले, अजून जरा ओढ. पंचेचाळीसच्या पुढच्या उन्हात आम्हा मायलेकींनी संगनमतानं माझ्या टाक्यांना लुगड्यात गुंडाळून ठेवलं.

रोज सकाळी अंघोळ झाली की आमचा एक विधी असे. मी पलंगावर आडवी होई. आई दार लावी, ट्यूबलाइट लावी. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असताना ट्यूबलाइट कशाला, हे मला तेव्हा सुचलं नाही. ती माझं पोट दोन्ही हातांनी हळूच वर उचली, वाकून खूप जवळ तोंड नेई, मग कापड टिपून ते बोटांत चोळून बघे.

"कोरडं हाय," ती म्हणे. मला तेवढंच ऐकायचं असे.

आता मागे वळून पाहते तर खुणा किती होत्या! सुईत दोरा ओवायला ती माझ्याकडे द्यायची. सानूच्या पायाची बोटं मोजताना एकेक बोट चिमटीत धरायची. माझा नवरा जिना चढून आला की चपलेच्या आवाजावरून "जावईबापू आले" म्हणायची, आणि एकदा तो अनवाणी आला तर दारातल्या परक्या माणसाला विचारावं तसं "कोन पायजे गा?" असं विचारती झाली. आम्ही हसलो. म्हणजे तो हसला. मला हसण्याची बंदी होती. हसलं, शिंकलं, खोकललं की टाक्यांतून कळ जायची, त्यासाठी एक उशी पोटाशी धरूनच मी जगत होते. जिच्या पोटाशी रात्रंदिवस एक बाळ आणि एक उशी असते, तिला तिसरं काही दिसत नाही, अशी आपली मी स्वतःची समजूत घालते.

नवतप्याच्या नवव्या दिवशी सकाळी आईनं पोट उचललं आणि ती थांबली. या वेळी तिनं कापड नाकाशी नेलं. पुन्हा वाकली. माझ्या अंगाचा वास घेत राहिली.

"वास येऊन राहिला."

"घामाचा असंन."

"घामाचा मले समजत नाही काय? ढिगात एक संत्रं सडाले लागलं की पयले नाकाले समजते, डोळ्याले मागून समजते. ऊठ. दवाखान्यात चाल."

संत्र्याच्या हंगामात आमच्याकडे बायका ढिगाभोवती बसून माल निवडतात. आई लहानपणापासून ते करत आलेली. वरून सगळी संत्री सारखीच पिवळीधमक, पण ती ढिगापाशी येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "खालून एक गेलं." सगळा ढीग उपसल्यावर तळाशी ते सापडायचं. मला ताप नव्हता, दुखतही फारसं नव्हतं. दुपार उतरल्यावर जाऊ, असं मी म्हणत होते. तिनं ऐकलं नाही. अकराच्या उन्हात सानूला ओल्या पदरात झाकून तिनं मला ऑटोत घातलं.

उजवा कोपरा लाल झाला होता आणि आत पू धरला होता. डॉक्टरबाईंनी दोन टाके सोडले, कोपरा मोकळा केला, साफ केला. दुखलं का, म्हणून विचारू नका. त्या म्हणाल्या, आजच आलात ते बरं झालं. आणखी दोन दिवस गेले असते तर पुन्हा भरती व्हावं लागलं असतं, कदाचित पुन्हा भूल, पुन्हा टाके. मग विचारलं, "पोट बांधत होता?" मी छताकडे पाहिलं. आईनं जमिनीकडे पाहिलं.

पट्टी करताना सिस्टर आईला म्हणाली, "मावशी, हे तीन-चार दिवसांपासून लाल असेल. तुम्ही रोज पाहत होत्या ना? तुमच्या नजरेत कसं नाही आलं?"

आई म्हणाली, "माह्या नजरेत काहीच येत नाही, बाई."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एप्रिलअखेरीस ऑपरेशन ठरलं होतं. पण ते झालं असतं तर महिनाभर वाकू नका, वजन उचलू नका, धुरात जाऊ नका. आणि माझे दिवस भरत आले होते. तिनं डोळ्याच्या डॉक्टरला सांगितलं, पोरीचं बाळंतपण झाल्यावर येतो. कुणाला सांगू नका म्हणून बाबांना शपथ घातली. आणि चाचपडत एस्टीत चढून माझ्या जखमेवर लक्ष ठेवायला आली.

मी चिडले. इथे खोटं कशाला सांगू, इतकी चिडले की ऑटोत तिच्याशी बोलले नाही आणि घरी आल्यावर नको तेवढं बोलले.

"रोज कोरडं हाय, कोरडं हाय म्हणत होती तू! दिसत नव्हतं तर सांगायचं नाही काय?"

"कापड कोरडं राहे म्हणून म्हणत होती. खोटं नाही बोलली."

"मग पाहते म्हणून काहून सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुह्या सासूनं केलं असतं सारं. मी काय बारशाले पाहुनी म्हणून आली असती? माह्या लेकीचं पयलं बाळंतपण हाय."

यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. थोड्या वेळानं पलंगाखालून आईनं तिची थैली ओढली आणि घड्या घालायला लागली. घड्या तिच्या चुकत नव्हत्या, त्या हातांना पाठ होत्या. "उद्या सकायच्या एस्टीनं जातो," ती म्हणाली. "तुह्या सासूले फोन लाव. तिचे डोये चांगले हाय."

दिवेलागणीला सानू रडायला लागली. मी रागातच होते, म्हटलं, आपलं आपण उठायचं. पण शिवलेल्या पोटाचं माणूस सरळ उठत नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग कुणीतरी खांद्याखाली हात घालून वर घ्यायचं. मी कुशीवर वळले, पाय सोडले, आणि उठण्याआधी आपण एक श्वास रोखून घेतो ना, तेवढा घेतला. पाठीमागून आईचा हात खांद्याखाली आला. मी हाक मारली नव्हती. नऊ दिवस दरवेळी तो हात असाच आला होता, बरोब्बर त्या श्वासावर. तिला मी दिसत नव्हते, पण माझा श्वास तिला ऐकू येत होता. आणि ती कुठे होती? उंबऱ्यात. थैली भरून झाल्यावरसुद्धा ती पुन्हा कूलरकडे पाठ करून उंबऱ्यात जाऊन बसली होती.

"थैली खाली ठेव," मी म्हणाले. "तू गेली तर मले उठवणार कोण?"

"तुही सासू."

"तिले ऐकू कमी येते."

ती हसली. मी उशी पोटाशी धरून हसले. दोन सोडलेले टाके आणि बाकीचे राहिलेले, सगळे ठणकले.

त्यानंतरचे वीस-बावीस दिवस मला आजही सणासारखे वाटतात, दुखत होतं तरी. लुगड्याची पट्टी सुटली ती कायमची. आईनं तिची सानूसाठी लंगोटं शिवली, दोरा मी ओवून दिला. पट्टी करायला रोज एक सिस्टर यायची. पाहण्याचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. तो जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरीला, त्याला दुसरी भाषा येत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून तो जखमेवर वाकायचा आणि दाराकडे तोंड करून बसलेल्या सासूला, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं मामीला, अहवाल द्यायचा.

"मामी, पूर्वेकडली हद्द कायम आहे. पश्चिमेकडला कोपरा काल रुपयाएवढा होता, आज आठ आण्याएवढा."

"रंग कसा हाय, जावईबापू?"

"गुलाबी."

"गुलाबी चांगला. लाल वाईट." मग ती हात पुढे करायची. काढलेली पट्टी तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय फेकली जात नसे. सिस्टर आधी हसायची, मग तीच विचारायला लागली, "मावशी, आज काय म्हणतं तुमचं नाक?" दुपारी वीज गेली की आई संत्र्याच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन माझ्या पोटाला वारा घालायची. वाऱ्याचं ते जुनं भय, बाळंतिणीला वारं लागण्याचं, तिनं कुठे ठेवलं होतं कोण जाणे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हे माह्या हातचं वारं हाय. हे नाही बाधत."

जखम आतून भरत येते, हे मी तेव्हा शिकले. वरून शिवून टाकलं म्हणजे झालं असं नसतं. तळापासून रोज थोडं मांस वर येतं, घाई केली तर वरचं मिटतं आणि आत पोकळ राहतं. डॉक्टरबाई म्हणायच्या, उघडी राहू द्या, भरेल आपली आपण. आमच्या दोघींमध्येही काहीतरी उघडं पडलं होतं आणि आम्ही ते झाकायची घाई केली नाही. त्या दिवसांत तिनं मला तिच्या बाळंतपणांबद्दल सांगितलं, माझ्या आधीच्या एका बाळाबद्दलही, जे दोन दिवसच राहिलं होतं. मी तीस वर्षांची होईपर्यंत ते मला ठाऊक नव्हतं. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा तिचा कायदा कुठून आला होता, ते मला त्या पुठ्ठ्याच्या वाऱ्यात कळलं.

परवा कूलरच्या वाऱ्यात लोळत सानूनं विचारलं, "मी खरंच इथून आली?" आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. हो म्हटलं. "मग इथे वाकडी काहून आहे?" तिच्या शाळेच्या वहीत रेघ वाकडी गेली की बाई लाल गोल करतात, तेव्हा तिचा प्रश्न रास्त होता. माझ्या एका मैत्रिणीनं मागे व्रण जाण्याचं महागडं मलम आणून दिलं होतं. त्या व्रणावर लाव, वर्षभरात सरळ साफ होईल म्हणाली. ते झाकणसुद्धा न उघडता कपाटात वाळून गेलं. तिला वाटतं मी आळशी आहे.

त्या वर्षी पोळा झाल्यावर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नागपुरातच, आणि ती माझ्याकडे राहिली. सानू चार महिन्यांची होती. आता पाळी माझी होती. दिवसातून सहा वेळा आईच्या डोळ्यात थेंब टाकायचे, हात धुऊन, पापणी बोटानं खाली ओढून. ती विचारायची, "लाल हाय काय?" मी म्हणायची, "गुलाबी." ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली त्या सकाळी तिनं आधी सानूला मांडीवर घेतलं आणि नुसती बघत राहिली. "अवं, हिची हनुवटी तं माह्या मायसारखी हाय! मले कोनी सांगतलं नाही!" जशी काही आम्ही तिची आई पाहिली होती.

मग सानूला जावयाकडे दिलं, उठली, आतल्या खोलीचं दार लावलं. काळा चष्मा कपाळावर चढवला.

"दाखव."

"काय?"

"ते."

मी पलंगावर आडवी झाले. ट्यूबलाइट लावायला ती विसरली, आता गरज नव्हती. तिनं पूर्वीसारखंच दोन्ही हातांनी माझं पोट हळूच वर धरलं. पण या वेळी ती जवळ वाकली नाही. हातभर लांबूनच पाहत राहिली. जिच्यावर तिनं महिनाभर पहारा दिला होता, ती जखम आई पहिल्यांदा पाहत होती.

"एवढीशीच होती?" ती म्हणाली.

मग डावीकडून तिनं बोट फिरवायला घेतलं, अगदी सावकाश, शिवण तपासावी तसं. सरळ, सरळ, सरळ. उजव्या कोपऱ्याशी रेघ जरा रुंद होते आणि खाली वळते. तिथे बोट थांबलं.

"इथं वाकडी हाय."

"हो."

"तेवढी माही," आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नव्हतं, थेंब वाहून जातात. मी घाईनं पोटावरचा तिचा हात धरला.

"मग राहू दे तशीच," मी म्हणाले.